दोन टिंबांचा निरोप

१

पींऽऽ… आणि मग, पी-पी.

आप्पांनी हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांना नुकतं मिसरूड फुटलं होतं. बिनतारी स्टेशनात त्यांना घेतलं होतं ते झाडलोटीला. शाळा चौथीनंतर सुटलेली. पण झाडू मारता मारता हा पोरगा कुठला संदेश आलाय ते बिनचूक सांगतो, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि वर्षभरात हातातला झाडू जाऊन संदेश पाठवायचा पितळी खटका आला. कागदावरची अक्षरं वाचताना आप्पा अडखळायचे. कानांनी वाचताना कधी अडखळले नाहीत.

लाकडी टेबल, कानांवर हेडफोन, गरम झालेल्या यंत्राचा धुळकट वास आणि खिडकीबाहेर ओसाड माळ. तोकडा आवाज म्हणजे टिंब, लांब आवाज म्हणजे रेघ. एवढ्या दोन गोष्टींवर सगळा कारभार चालायचा. आणि जसं माणसाचं अक्षर ओळखू येतं, तसा खटक्यावरचा हातही ओळखू येतो. डोंगरापलीकडच्या स्टेशनावर जो बसायचा, त्याचा हात लंगडा होता. एक रेघ ओढली की तो जरासा थबकायचा आणि पुढची टिंबं घाईघाईने उरकायचा. अधू पायाचा माणूस जिना उतरतो ना, तसं. लांब पाऊल, थांबा, मग दोन घाईची पावलं.

आप्पा त्याला ‘पलीकडचा’ म्हणत. अकरा वर्षं दोघं रोज बोलले, पण समोरासमोर कधी भेटले नाहीत. मध्ये डोंगर, आणि दोघांनाही एकदम सुट्टी मिळणं कठीण. पलीकडच्याला पोटदुखी कधी झाली, त्याच्या छपराचा पत्रा कुठल्या वाऱ्यात उडाला, त्याची आई काय म्हणाली, हे आप्पांना ठाऊक असे. तो गोरा की काळा हे मात्र माहीत नव्हतं. एकदा आप्पांनी विचारलं, तू खरंच लंगडतोस का रे? उत्तर आलं, भेटू तेव्हा बघ.

संध्याकाळी चारला स्टेशन बंद व्हायचं. बंद करायची रीत ठरलेली होती. आधी पलीकडच्याने दोन टिंबं द्यायची. मग आप्पांनी दोन टिंबं परत करायची. तोच निरोप. उलट दोन टिंबं कानांवर आल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही. नियमपुस्तकात हे होतं की नाही कोण जाणे, पण पलीकडचा ते व्रतासारखं पाळायचा. एकदा आप्पांना खोकल्याची उबळ आली म्हणून उत्तराला पाच मिनिटं लागली, तर पाच मिनिटांनी तो तिथेच होता. म्हणाला, तुझा निरोप आल्याशिवाय मी उठत नाही, माहीत आहे ना?

२

या गोष्टीला एक्केचाळीस वर्षं झाली. आता आप्पा लेकीच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर, तिच्या कामाच्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसून असायचे. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे टीव्ही बंद आणि जिना उतरायलाही मनाई. वेताची खुर्ची जुनी होती, जरा हललं की करकरायची. लेक टेबलापाशी पाठमोरी बसून काम करी. लेकीचं नाव घरात चिमी. चाळिशी उलटली, केसांत चांदी आली, तरी चिमीच.

एके दुपारी त्यांनी तिला विचारलं, तू दिवसभर नक्की करतेस तरी काय?

चिमीला बरं वाटलं असावं. खुर्ची फिरवून तिने सगळं समजावून सांगितलं. टेबलाखाली जो संगणक आहे, त्याच्या पोटात तिने दोन खोटे संगणक मांडले आहेत. ते हाताला लागत नाहीत, नुसते हिशेबात असतात. त्या दोघांना तिने खोटे रेडिओही दिले आहेत, बिनतारी बोलायला. एक नंबर आणि दोन नंबर. ते एकमेकांना हाका मारतात, बोलतात, निरोप घेतात. खऱ्या हवेत काहीच जात नाही. असं आधी खोट्यात नीट चाललं, की मग कंपनी ते खऱ्या यंत्रांत घालते.

“म्हणजे भातुकली,” आप्पा म्हणाले.

“हो. पगारी भातुकली.”

अडचण एवढीच होती की तिची भातुकली मोडत होती. प्रत्येक संगणकाच्या मुळाशी एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. पडद्यावर काय दाखवायचं, रेडिओवर काय पाठवायचं, सगळं त्याच्या हातात. तर एक नंबरचा कर्नल रोज कोसळत होता. दोन नंबर निरोप घेऊन गेला, की त्यानंतर केव्हातरी. तीन आठवडे झाले, चिमीला कारण सापडत नव्हतं. शुक्रवारपर्यंत सापडलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं, आणि त्या दुसऱ्याचं नुसतं नाव निघालं तरी चिमीच्या कपाळाला आठी पडायची.

आप्पांना यातलं निम्मं कळलं. पण दोन बिनतारीवाले आणि निरोप, एवढं पुरेसं होतं. त्या दुपारी कितीतरी वर्षांनी त्यांना यंत्राचा तो गरम, धुळकट वास आल्यासारखा वाटला.

३

त्यांना आधी दिसले ते दिवे.

चिमी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. टेबलावरच्या कीबोर्डच्या कोपऱ्यात तीन बारके हिरवे दिवे आहेत, त्यांतला एक लुकलुकायला लागला. आप्पा वेताच्या खुर्चीतून बघत राहिले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो दिवा कापसाच्या बोंडासारखा पसरट दिसत होता. लांब लागला. विझला. थबकला. मग दोनदा घाईघाईने.

आप्पांना तो दिवा ऐकू आला. दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही. त्यांच्या दोन्ही कानांवर हेडफोनचा दाब जाणवला आणि आत तो आवाज झाला.

चिमी कप घेऊन आली तोवर दिवा स्वस्थ होता. आप्पांनी तिला विचारलं, संगणक कोसळला की दिवे लागतात का ग? ती म्हणाली, लागतात, खरा संगणक कोसळला तर लुकलुकतात, घड्याळाच्या टिकटिकीसारखे, एका लयीत. मग पडद्याकडे बघून म्हणाली, पण हा कुठे कोसळलाय? कोसळलाय तो आतला. आतल्याला कीबोर्डच दिलेला नाही मी.

“मग आतल्याने दिवा लावला असेल तर?”

“आप्पा, भातुकलीतल्या चुलीवर तुमचा हा चहा झाला असता का?”

ते हसले. तिचं म्हणणं बरोबर होतं. डोळ्यात अजून थेंब टाकायचे होते, दुपारची वेळ होती, डुलकी लागली असेल. म्हातारपणी काय काय दिसतं. शेजारच्या इमारतीतल्या गृहस्थांना तर आपली गेलेली बायको गॅलरीत कपडे वाळत घालताना दिसते, आणि ते तिच्याशी चिमट्यांवरून भांडतात. आप्पांनी स्वतःला हे सगळं नीट समजावलं आणि चहा प्यायला.

दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला. तिसऱ्या दिवशीही. चिमी खोलीत आली की थांबे. लय मात्र तीच, लंगडी.

तिसऱ्या दिवशी चिमीच आपणहून बोलली. पडद्यावरच्या दोन नोंदी दाखवून म्हणाली, हे विचित्र आहे बघा. दोन नंबर निरोप घेतो ती ही वेळ. आणि एक नंबर कोसळतो ती ही. दरवेळी बरोब्बर एकोणीस मिनिटं. एवढ्या कामात एकोणीस मिनिटांचं घड्याळ मी कुठेच लावलेलं नाही. कुणीच लावलेलं नाही. मग ही एकोणीस आली कुठून?

आप्पांनी कप खाली ठेवला. बशी जरा वाजली.

४

ज्या दिवशी चिमी जन्मली, त्या दिवशी आप्पा स्टेशनात होते. सकाळीच त्यांनी पलीकडच्याला कळवलं होतं, आज-उद्यात होईल असं दिसतंय. त्यावर पलीकडच्याने लंगड्या हाताने लांबलचक काहीतरी पाठवलं होतं. शेवटी होतं, बाळ झालं की काहीही करून बघायला येईन, माझ्या वाट्याची मिठाई ठेव.

चारला चार मिनिटं कमी असताना शेजारीण धापा टाकत माळावरून आली. बायकोला दवाखान्यात नेलं होतं आणि लक्षण बरं नव्हतं. आप्पा उठले. नोंदवही उघडीच होती. त्यात त्यांनी लिहिलं, चार वाजता, निरोप आला, निरोप दिला, स्टेशन बंद. अशी नोंद आधीच करून ठेवायची खोड त्या धंद्यात सगळ्यांनाच होती. रोज चारला तेच तर व्हायचं. लिहून ठेवायचं, मग निरोप व्हायचा, मग वही मिटायची. त्या दिवशी आप्पांनी लिहिलं, यंत्र बंद केलं, वही मिटली आणि ते पळाले. निरोप मधल्या मध्ये राहून गेला.

पलीकडे चारला दोन टिंबं वाजली असणार. ऐकायला कुणी नव्हतं.

त्या स्टेशनावरचा शिपाई वाचला. त्यानेच पुढे सांगितलं. चारला कुलूप लावून बाहेर पडायचं होतं, पण बिनतारीवाले उठेनात. म्हणाले, तू हो पुढे, अजून पलीकडून निरोप आला नाही. शिपाई पुढे झाला. ओढा ओलांडून वळणापर्यंत पोचला आणि मागे डोंगराची कड सुटून स्टेशनावर आली. स्टेशनाच्या भिंतीवरचं घड्याळ नंतर मातीत सापडलं. ते चार वाजून एकोणीस मिनिटांवर थांबलेलं होतं.

चौकशीला साहेब आले. आप्पांची नोंदवही बघितली. चार वाजता निरोप दिला, स्टेशन बंद. सगळं जिथल्या तिथे. म्हणाले, मग तो का बसून राहिला असेल? आप्पा म्हणाले, माहीत नाही साहेब.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती त्या दिवशी मरता मरता वाचली होती. आणि चिमीला काय सांगायचं? तिच्या प्रत्येक वाढदिवसाला आप्पा मिठाई आणत आणि एक तुकडा बाजूला काढून ठेवत. चिमीला वाटे, आप्पांना रात्री गोड खायची सवय आहे.

५

गुरुवारी चिमी जेवली नाही. टेबलावर कोपरं टेकून बसली होती, लहानपणी गणित अडलं की बसायची तशी. आप्पांना ते बघवेना. शिवाय एक गोष्ट त्यांना तीन दिवसांपासून कळलेली होती आणि ते ती गिळून बसले होते. सांगितली तर चूक दुरुस्त होणार. चूक दुरुस्त झाली की दिवा लागणार नाही. एक्केचाळीस वर्षांनी तो हात पुन्हा ऐकू आला होता, आणि तो स्वतःच बंद करायचा.

शेवटी लेकीचं पारडं जड झालं.

“चिमे, एक बघ,” ते म्हणाले. “तुझा तो एक नंबर नोंद आधी करतो का? म्हणजे निरोप द्यायच्या आधीच लिहून टाकतो का, की दिला म्हणून?”

ती वळली. मग पुन्हा पडद्याकडे वळली आणि अर्धा तास तिच्या बोटांचा आवाज येत राहिला.

तसंच होतं. दोन नंबर निरोप मागायचा. एक नंबर उत्तर द्यायच्या आधीच त्याचं नाव पुसून मोकळा व्हायचा. दोन नंबर बिचारा उत्तराची वाट बघत बसायचा आणि पुन्हा हाक मारायचा. एक नंबर ती हाक ऐकून त्या नावाच्या जागी जायचा. तिथे काहीच नाही. तिथेच तो तोंडघशी पडायचा.

चिमीने दोन ओळी खालच्या वर केल्या. आधी निरोप, मग नोंद. दुपारपासून तिने आठ वेळा चालवून बघितलं. एकदाही कोसळलं नाही. ती आप्पांच्या गळ्यात पडली. म्हणाली, पदवीवाले दहा जण बसले होते यावर, आणि सापडलं चौथी नापासाला.

“पास,” आप्पा म्हणाले. “चौथी पास आहे मी.”

पण चिमी कामाची पक्की. म्हणाली, उद्या दुपारी जुनं एकदा शेवटचं चालवते, ते कोसळतंय याची वेळ लिहून अहवालाला जोडते, आणि मग कायमचं पुसून टाकते. एकोणीस मिनिटांचं कोडं मात्र तिला सुटलं नव्हतं. म्हणाली, नवं नीट चालतंय ना, मग जाऊ दे.

६

शुक्रवारी दुपारी तिने जुनं सुरू केलं आणि तिला आठवलं, आप्पांचे डोळ्यांचे थेंब संपलेत. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन पंधरा-वीस मिनिटांत येते म्हणाली. त्यांना हाताला धरून टेबलापाशी, स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पुढ्यात वही नि पेन्सिल ठेवली.

“तुमचे ते दिवे लागले तर वेळ लिहा. स्टेशनात लिहायचात तशी.”

ती हसत गेली. दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

खूप वर्षांनी आप्पांच्या पुढ्यात वही होती. त्यांनी पान सरळ केलं. मागे भिंतीवर घड्याळ चालत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत होतं. थोड्या वेळाने कुणी हात लावला नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला. खोली त्यात उलटी दिसू लागली. भिंत, दाराची चौकट, आणि त्यांच्या मागे वेताची खुर्ची, सगळं धूसर.

दिवा लागला. लांब. थांबा. मग घाईची दोन. वेळ लिहायची त्यांना आठवण राहिली नाही. दिवा तेच तेच विचारत होता, त्यांच्याच स्टेशनाची जुनी हाक. आहेस का? आहेस का?

मागे वेताची खुर्ची करकरली.

काळ्या पडद्यात खुर्चीत कुणीतरी बसलेलं दिसत होतं. चिमी आली होती. दार वाजलेलं कळलं नाही, पण त्यांचं सगळं लक्ष दिव्यात होतं. दमून बसली असेल. आप्पांनी मान वळवली नाही. आज पुसलं जाणार होतं सगळं. तिच्या तोंडाकडे बघून जे सांगता आलं नसतं, ते पाठमोरं सांगता येणार होतं.

त्यांनी सांगितलं. सावकाश, शब्द शोधत शोधत. माळ, शेजारीण, वही, यंत्र बंद केलं ते. शिपाई काय म्हणाला ते, घड्याळ, आणि साहेबांना दिलेलं उत्तर. मिठाईचा तुकडा सुद्धा.

“दोन टिंबं द्यायला किती वेळ लागला असता? श्वास घ्यायलाही जास्त लागतो,” ते म्हणाले. “पण माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस, चिमे. तुझ्यासाठी उठलो मी. तू येणार होतीस म्हणून तो तिथेच बसून राहिला.”

मागून उत्तर आलं नाही. खुर्ची करकरली, जसं कुणी ऐकायला पुढे झुकावं. लेक रडत असेल, असं आप्पांना वाटलं.

त्यांनी बोट उचललं. समोर खटका नव्हता, तेव्हा टेबलाच्या कडेवर, जिथे अकरा वर्षं खटका असायचा तितक्याच अंतरावर, दोनदा टेकवलं.

टक, टक.

दिवा विझला. पुन्हा लागला नाही. आप्पांचे डोळे भरून आले, आणि ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी लागू नये म्हणून त्यांनी चेहरा खिडकीकडे केला.

खाली रस्त्यावर चिमी होती.

हातात औषधाची कागदी पिशवी, ओढणी वाऱ्यावर उडतेय, फाटकापाशी थांबून ती कुणाशी तरी दोन शब्द बोलत होती. मग तिने फाटक ढकललं आणि इमारतीच्या दारात शिरली. आता ती जिना चढणार.

मागे वेताची खुर्ची करकरली, अंगावरचं ओझं उतरावं तशी, सावकाश.

आपण हे सगळं कुणाला सांगून बसलो ते आप्पांना आता कळलं. त्यांना उठायचं होतं. जिन्याच्या तोंडाशी जाऊन लेकीला वरून हाक मारायची होती, की थांब, खालीच थांब. पण या वेळी निरोप आधी त्यांनी दिला होता, आणि उलट निरोप आल्याशिवाय खुर्चीतून उठायचं नाही, अशी रीत होती. पडद्यात एक पाठ दिसली, किंचित एका बाजूला कललेली, दाराच्या चौकटीपर्यंत गेलेली. तोंड दिसलं नाही. आप्पांनी टेबलावरचं बोट तसंच टेकवून ठेवलं आणि ती दोन टिंबं परत यायची वाट बघितली.

बाहेरच्या खोलीत फरशीवर एक लांब पाऊल पडलं. थांबा. मग दोन घाईची. जिन्याकडचं दार उघडलं, खालून चिमीच्या चपलांचा आवाज वर येत होता, आणि पलीकडचा एक अक्षरही न बोलता जिना उतरून निघून गेला.